फाटकाजवळचा फळा

शाळेचा पालकांचा ग्रुप माझ्या फोनवर अजून आहे. निवृत्त होऊन मला दोन पावसाळे झाले, पण मला कुणी काढलं नाही आणि मीही निघाले नाही. सकाळी सहापासून टिंग टिंग सुरू होतं. उद्या लसीकरण आहे, आधार कार्डाची झेरॉक्स पाठवा, शनिवारी सकाळची शाळा. प्रत्येक सूचनेखाली अंगठ्यांचा ढीग. अंगठे देणाऱ्यांपैकी अर्ध्यांनी सूचना वाचलेली नसते, हे मी छातीठोकपणे सांगते. परवाच कुणाच्या तरी आजोबांच्या निधनाची बातमी आली आणि तिच्याखाली एका पालकाने फुलांच्या गुच्छासकट 'हार्दिक अभिनंदन' टाकलं. वरती कुणाच्या वाढदिवसाचा केक होता, त्याच्यासाठी ते असणार. मी एकटीच घरात हसले आणि मग मला आमचा फळा आठवला.

मुळशी धरणाच्या पाण्याच्या कडेला आमची जिल्हा परिषदेची शाळा होती. पहिली ते चौथी, दोन खोल्या, एक मुख्याध्यापक सर आणि एक मी. मी तिथं चौदा वर्षं होते. मोबाईल तेव्हा आले होते, पण बटणांचे, आणि रेंज मिळायची ती फक्त वरच्या खिंडीत. ज्याला कुणाशी बोलायचं असेल तो खिंडीत जाऊन ओरडायचा. त्यामुळे त्याची खाजगी गोष्ट फोनआधीच गावाला कळायची.

शाळेच्या फाटकाला लागून कुंपणाच्या भिंतीत सिमेंटचा एक काळा फळा होता. त्यावर पत्र्याचं छोटं छप्पर, म्हणून पावसातही खडूचं अक्षर टिकायचं. फळ्याचं तोंड रस्त्याकडे होतं आणि एस.टी. तिथंच वळायची. त्यामुळे गाडीतून उतरणाऱ्या प्रत्येकाला तो वाचावाच लागायचा. डाव्या बाजूला शाळेच्या सूचना असायच्या: पालक सभा, गणवेश, जंताच्या गोळ्या. उजव्या बाजूला मी मथळा लिहिला होता, 'घरच्या बातम्या'.

त्याची सुरुवात परिपाठातून झाली. परिपाठात रोज एका मुलाने वर्तमानपत्रातली बातमी वाचायची असा नियम. पण आमच्याकडे पेपर यायचा दुपारच्या एस.टी.नं, म्हणजे आज वाचायची ती कालची शिळी बातमी, आणि तीही कुठल्या तरी मंत्र्याच्या दौऱ्याची. मुलं ती अशी वाचायची, जणू शिक्षा भोगतायत. एक दिवस मी वैतागून पेपर बाजूला ठेवला आणि म्हटलं, "तुमच्या घरी काय झालं ते सांगा." सगळ्यांचे हात एकदम वर. आमची म्हैस व्याली. दादाला हिंजवडीत ड्युटी लागली. आजीला मोतीबिंदूचं ऑपरेशन करून आणलं, ती आता म्हणतीया घर लई घान हाय. मी त्यातलं निवडून फळ्यावर लिहायला लागले आणि बघता बघता गावाचा जीव त्या फळ्यावर जडला.

वरच्या वस्तीवरच्या बाया मोळ्या घेऊन खाली यायच्या, त्यातली एक रोज मोळी भिंतीला टेकवून विचारायची, "आज काय लिवलंय, बाई?" मी वाचून दाखवायची. कुणाच्या बारशाचं ऐकलं की ती त्या घरच्यांना न ओळखताही "बरं झालं" म्हणायची. एकदा तिनं विचारलं, "आमचं कदी लिवनार?" तिची नात पहिलीत होती. दुसऱ्या दिवशी मी लिहिलं की वरच्या वस्तीवरच्या पहिलीतल्या मुलीला जोडाक्षरं वाचता येऊ लागली. बाईनं ते माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. मग फळ्यावर हात ठेवून उभी राहिली, अक्षर पुसलं जाऊ नये म्हणून नुसता कडेला. ती सकाळ आठवली की आजही मला छान वाटतं. चौदा वर्षांत पगाराव्यतिरिक्त मला काय मिळालं असं कुणी विचारलं, तर मी हेच सांगीन.

माझा एक नियम होता. मुलानं सांगितलेली घरची बातमी त्या घरच्या मोठ्या माणसाला विचारल्याशिवाय फळ्यावर जाणार नाही. हा नियम मला एका मुलानं शिकवला होता. त्यानं भर परिपाठात आईबापाचं भांडण संवादासकट सांगितलं होतं. नियमामुळे फळ्याची पत वाढली. चावडीवर कुणी काही बोललं तर लोक म्हणायचे, "फळ्यावर आलंय का? मग खरं." मला त्याचा अभिमान होता. अभिमान म्हणजे काय, डोक्यात हवा होती म्हणा ना.

एका आषाढातल्या सोमवारी केंद्रप्रमुख शाळा बघायला येणार होते. त्यांना आमच्या फळ्याबद्दल कुठून तरी कळलं होतं. सकाळी पाहिलं तर उजवी बाजू जवळजवळ रिकामी. आवणीचे दिवस. सगळी माणसं गुडघाभर चिखलात भात लावत होती, कुणाच्या घरी काही घडायला फुरसत नव्हती. परिपाठात मी विचारलं, तर तिसरीतली एक मुलगी उठली. लहानखुरी, दोन वेण्या, बोलायला लागली की थांबायची नाही.

"बाई, काल ताईला बगायला पाव्हनं आल्ते, चांद्याचं. आईनं त्यांच्या हातावर साखर दिली."

हिची ताई माझीच जुनी विद्यार्थिनी. नुकतीच बारावी झालेली. मुलगी बघायला पाहुणे येतात आणि त्यांच्या हातावर साखर पडते, याचा अर्थ आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. लग्न जमलं. हिचे वडील शेतावर गेलेले, शेत लांब, घड्याळात साडेदहा वाजलेले आणि केंद्रप्रमुख वाटेवर. मी मनात म्हटलं, चांगली बातमी आहे, संध्याकाळी विचारू. उचलला खडू, लावला फळ्याला. मुलीच्या वडिलांचं नाव घालून लिहिलं, 'यांच्या थोरल्या मुलीचा विवाह चांदे येथील मुलाशी निश्चित झाला. शाळेतर्फे हार्दिक अभिनंदन.' भोवती वेलबुट्टीही काढली. केंद्रप्रमुखांनी फळ्याचा फोटो काढला आणि 'उपक्रम स्तुत्य आहे' असा शेरा दिला. मी दिवसभर हवेत होते, संध्याकाळी विचारायचं विसरूनच गेले.

खरं काय घडलं होतं ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. पाहुणे आले, पोहे झाले, चहाला ठेवलेलं दूध नासलं. घरची म्हैस आटलेली, पावसात दुकानही बंद. हिची आई बिचारी ओशाळली. तिनं पाहुण्यांच्या हातावर चिमूट चिमूट साखर ठेवली आणि पाणी दिलं. पाहुणे हसले, "कळवतो" म्हणाले. मुलीचे वडीलही म्हणाले, "आमीबी कळवतो." तेवढंच. पण सोमवारी दुपारी मुलाचा मामा काही कामानं धरणावरच्या रिसॉर्टवर आला होता. तो एस.टी.तून उतरला आणि त्यानं फळा वाचला. त्याला वाटलं, मुलीच्या बापानं होकार शाळेत सांगितला. तो तसाच खिंडीत गेला, तिथून चांद्याला फोन केला आणि संध्याकाळी पेढ्यांचा पुडा घेऊन मुलीच्या दारात उभा राहिला. मुलीच्या बापाचं तोवर शेजाऱ्यांनी बांधावरच अभिनंदन केलेलं होतं. पेढे बघून त्याला वाटलं, मुलाकडच्यांनीच होकार बाईंना कळवला. दोन्ही घरांची समजूत अशी की समोरच्यानं आधी शब्द दिला. दिलेल्या शब्दाला कोण नाही म्हणणार? दोघांनीही पेढे खाल्ले. कुणीही काहीही न ठरवता एक लग्न ठरलं, आणि ते ठरवणारी मी.

मंगळवारी शाळा भरायच्या आधी ती थोरली माझ्या खोलीवर आली. मी भाकरी थापत होते. ती आत आली नाही, दारातच उभी राहिली.

"बाई, यादीत माजं नाव आलंय. नर्सिंगच्या."

"अगं, वा! कधी जायचंय?"

"गुरुवारी, पुन्याला. कागदं घेऊन हजर व्हायचं, आन् तितंच ऱ्हायचं. न्हाई गेलं तर जागा खालच्या नंबरला जानार." तिनं दाराची चौकट धरली. "आमी पाव्हन्यांना न्हाईच कळवनार व्हतो. बाबा रविवारी राती म्हनलं व्हतं, बगू, यादी लागू दे. आता पेढं खाल्लं. तुमी लिवलं बाई. तुमीच पुसा."

तव्यावरची भाकरी जळली. मला राग आला, आणि लाज वाटते सांगायला, पहिला राग त्या तिसरीतल्या चिमुरडीचा आला. मग शाळेत गेले तर ती डोळे सुजवून बसलेली. 'घरचं भाईर सांगतीस' म्हणून आईनं रात्री तिला दोन ठेवून दिल्या होत्या. तिनं तर जे पाहिलं तेच सांगितलं होतं. तिच्या हातून काहीच चुकलं नव्हतं. तिच्याकडे बघताना मला माझीच चीड आली.

सरांना सांगितलं. सर सावध माणूस. "पुसून टाका आणि गप्प बसा," ते म्हणाले. पण पुसलं असतं तर गाव म्हणालं असतं, मोडलं. 'विवाह ठरलेला नाही' असं लिहिलं असतं तरी तेच. जमून मोडलेलं लग्न मुलाला चिकटत नाही, मुलीला चिकटतं, मग ती पुण्याला जाऊन नर्स होवो नाहीतर डॉक्टर. दिवसभर मी वहीच्या मागच्या पानावर वाक्यं लिहिली आणि खोडली. इतकं शुद्धलेखन मी आयुष्यात केलं नव्हतं. आणि शेवटी कळलं की काहीही लिहायचं तर आधी तिच्या बापाला विचारावं लागणार. सोमवारी जे करायचं होतं तेच.

चार वाजता शाळा सुटल्यावर मी त्यांच्या खाचरावर गेले. ते चिखलात वाकून भाताची रोपं लावत होते, पलीकडे त्यांची बायको. मी बांधावरूनच सगळं सांगितलं. साखरेचं, केंद्रप्रमुखांचं, न विचारता लिहिल्याचं. ते मोठ्या आवाजात बोलणारे गृहस्थ, मला वाटलं आता चिखल उचलून अंगावर टाकतील. ते सरळ उभे राहिले.

"म्हंजी त्यांनी तुमाला सांगितलं नव्हतं?"

"नाही, दादा. कुणीच नाही."

"आन् आमीबी न्हाई." ते हसले, पण ते काही खरं हसू नव्हतं. "तुमी हितं यिऊन सांगितलं, मला पटलं. पर गावानं फळा वाचलाय, बाई. मी गावाला कुटं कुटं सांगत फिरू?"

"गावाला मी सांगते. माझी चूक म्हणून लिहिते. पण नुसतं तेवढं लिहिलं तर लोक म्हणतील मोडलं. खाली खरी बातमी लिहिली पाहिजे. ती गुरुवारी पुण्याला जाते आहे, अशी." आणि लगेच पुढे म्हटलं, "तुम्ही हो म्हणालात तरच."

त्यांनी वाकून दोन रोपं लावली. बायकोनं लावणं थांबवलं होतं, पण ती आमच्याकडे बघत नव्हती.

"स्थळ चांगलं हाय ओ," ते म्हणाले. "चांद्याला दोन मजली खोल्या काढल्यात, कंपनीतली मानसं भाड्यानं ऱ्हात्यात. शेत न्हाई राखलेलं, चिखलाचं काम न्हाई." त्यांनी बायकोकडे हनुवटी केली. "हिची कंबर बगितली का तुमी? ह्या चिखलानं खाल्ली. म्या म्हनलं, पोरीला चिखल नगं." मग जरा वेळानं म्हणाले, "नर्सला बी दिवसभर उभंच ऱ्हावं लागतं ना, बाई?"

"लागतं. पण कोरड्या जागी."

आता त्यांची बायको हसली, वाकलेलीच. तेवढ्यानं काय झालं मला माहीत नाही. ते हातातली रोपांची मूठ लावून मोकळे झाले, बांधावर आले आणि पाय धुवायला लागले.

"लिवा," ते म्हणाले. "पर माजी पोरगी म्हनून नगा लिवू. तिचं नाव लिवा. मार्क तिला पडल्यात."

बुधवारी सकाळी सातलाच मी फळ्यापाशी गेले. वेलबुट्टीसकट सगळं पुसलं आणि लिहिलं. सोमवारी इथे एका लग्नाची बातमी लिहिली होती. ती दोन्ही घरांपैकी कुणीही दिली नव्हती. मी कुणाला न विचारता लिहिली. चूक माझी आहे, दोन्ही घरांची मी माफी मागते. त्याखाली त्या मुलीचं नाव, एकटं, आणि ती गुरुवारी नर्सिंगच्या शिक्षणासाठी पुण्याला जात असल्याचं. ओळ उतरती गेली. पहिल्या एस.टी.नं उतरलेल्या माणसांनी ते वाचलं आणि माझ्याकडे पाहिलं. आयुष्यभर इतरांच्या वहीत लाल शेरे मारले, तेव्हा कळलं शेरा कसा लागतो ते.

मामा दुपारी आला. दुकानासमोर चारचौघांत मला म्हणाला, "बाई, तुमाला शिकवायला ठेवलंय का सोयरिकी जुळवायला?"

"शिकवायला," मी म्हटलं. "तुमचं बरोबर आहे." त्याला भांडायचं होतं, पण मी लगेच कबूल केलं. त्यानं दुकानातून तंबाखू घेतली आणि गेला. पुढच्या उन्हाळ्यात त्या मुलाचं लग्न दुसरीकडे झालं, पत्रिका शाळेच्या नावानं आली. मी गेले नाही. जायला हवं होतं.

त्याच बुधवारी परिपाठात मी मुलांना सांगितलं की बाई चुकल्या, आणि ज्या मुलीनं बातमी सांगितली तिची काही चूक नव्हती. ती मान खाली घालून बसली होती. बुधवारी तिनं हात वर केला नाही, गुरुवारीही नाही. गुरुवारी सकाळच्या एस.टी.नं ताई गेली. मी फाटकातून हात केला, तिनंही केला. खिडकीतून मागे बघत होती, पण माझ्याकडे नाही, रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या बापाकडे. तो गाडी वळेपर्यंत उभा होता आणि मग शेताच्या वाटेनं न जाता घराकडे वळला.

शुक्रवारी परिपाठात मी नेहमीसारखं विचारलं, "घरची बातमी कुणाकडे आहे?" तिचा हात वर होता. पूर्ण वर नाही, कानापर्यंत.

"बाई, ताई गेली."

"माहीत आहे मला. आणखी?"

"आई न्हाई रडली. बाबा रडलं. काल आवनीला गेलंच न्हाईत, आजबी न्हाई. ताईचं चौथीतलं दप्तर हाय ना, ते मांडीव घिऊन बसल्यात." मग तिनं जरा विचार केला आणि मला विचारलं, "बाई, हे बाबांना इचारून येऊ का? मग लिवाल?"

"नको गं," मी म्हटलं. "हे नको विचारूस."

ती खाली बसली. बाकीची मुलं हात वर करून थांबली होती, कुणाकडे गाय होती, कुणाकडे मामा आला होता. मला एकालाही ऊठ म्हणता येईना. सरांनी माझ्याकडे पाहिलं आणि मुलांना वर्गात नेलं.